फळांचा बर्फ दगडासारखा का होतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळी सरबतांविषयी गेल्या अंकात जी माहिती दिली होती, ती वाचून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सरबत किंवा फळांचा रस घरी गोठवण्याविषयी आहेत. दूध, साय किंवा अंडे न वापरता केवळ फळाचा गर, साखर आणि पाणी यांपासून केलेला हा पदार्थ हॉटेलांच्या यादीत सॉर्बे किंवा ग्रानिता अशा नावांनी दिसतो; येथे आपण त्याला सरळ फळांचा बर्फ म्हणू. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्न पुढे दिले आहेत.

प्रश्न : पायरी आणि हापूस यांचा रस काढून, त्यात अगदी थोडी साखर घालून मी तो डब्यात भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो इतका कडक झाला की सुरीसुद्धा शिरेना. चवही पाणचट लागली. बाजारातला असा बर्फ चमच्याने सहज निघतो. त्यात वेगळे काय घालतात? (एक वाचिका, अकोला)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे कारण एकच आहे, ते म्हणजे साखर कमी पडली. फळांच्या बर्फात साखर केवळ गोडीसाठी घालत नाहीत. बर्फ मऊ राहणे किंवा दगड होणे हे मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते. साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही. एक लीटर पाण्यात सुमारे ३४० ग्रॅम साखर विरघळवली, तर ते पाणी उणे दोन अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. हा फरक किरकोळ वाटेल, परंतु खरे काम त्यापुढे सुरू होते. सर्वप्रथम जो बर्फ धरतो तो निव्वळ पाण्याचा असतो, कारण साखर बर्फाच्या स्फटिकात शिरत नाही, ती उरलेल्या पाण्यातच राहते. त्यामुळे उरलेला पाक अधिकाधिक दाट होत जातो आणि तो जितका दाट होतो, तितकी त्याला गोठण्यासाठी जास्त थंडी लागते. घरगुती फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असते. मिश्रणात पुरेशी साखर असेल, तर त्या थंडीतही थोडा दाट पाक न गोठता शिल्लक राहतो आणि बर्फाच्या कणांना एकमेकांना चिकटून त्यांची सलग लादी होऊ देत नाही. चमचा शिरतो तो या न गोठलेल्या पाकामुळे.

फळाची स्वतःची साखर धरून एकूण मिश्रणाच्या वजनात २५ ते ३० टक्के साखर असावी, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. चांगल्या पिकलेल्या हापूसच्या गरात सुमारे १५ ते १६ टक्के साखर मुळातच असते, असे धरून चालावे. म्हणजे अर्धा किलो गरासाठी १२५ ग्रॅम साखर, १५० मिलीलीटर पाणी आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस घेतला की हिशेब बरोबर जुळतो. पाण्यात साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करावी, तार येऊ देऊ नये. पाक पूर्ण निवल्यावर गरात मिसळावा. प्रमाण ३० टक्क्यांच्या फार वर गेले, तर बर्फ धड गोठत नाही आणि वाटीत काढताच त्याचे पाणी होते, म्हणून हात सैल सोडून साखर ओतणेही उपयोगाचे नाही.

चव पाणचट लागण्याचे कारण असे की गारव्याने जिभेला गोडी कमी जाणवते. गोठवण्यापूर्वी मिश्रण चाखून पाहिल्यावर ते जर अगदी हवे तेवढेच गोड लागले, तर गोठल्यावर ते नक्की फिके लागणार. सरबत म्हणून प्यायला थोडे जास्तच गोड झाले असे वाटेल, इतपत ते असावे आणि त्या गोडीला तोलण्यासाठी लिंबाचा रस व चिमूटभर मीठ घालावे. ज्यांच्या घरी अंडी चालतात त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. ताजे, स्वच्छ धुतलेले कच्चे अंडे साखर घातलेल्या पातळ रसात सोडावे. ते बुडाले तर साखर कमी आहे, आणि तरंगून त्याचा एखाद्या नाण्याएवढा भाग वर उघडा राहिला तर प्रमाण ठीक आहे, असे समजावे. आंब्यासारख्या दाट गरात ही परीक्षा फसवी ठरते. लिंबू, कोकम, द्राक्षे यांच्या रसालाच ती लावावी. परीक्षेनंतर तो रस एक उकळी आणून निववावा.

एवढे करूनही बर्फ थोडा कडक वाटला, तर खाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. एकूण साखरेपैकी पाव हिस्सा साखर काढून तितकीच साधी ग्लुकोज पावडर घातली, तर गोडी किंचित कमी होते आणि बर्फ मात्र आणखी मऊ राहतो, कारण तेवढ्याच वजनाचे ग्लुकोज पाण्याचा गोठणबिंदू साखरेच्या जवळजवळ दुप्पट खाली नेते.

प्रश्न : आमच्याकडे आईस्क्रीमचे यंत्र नाही आणि घेण्याचा विचारही नाही. केवळ फ्रीजर आणि मिक्सर यांवर चांगला बर्फ होऊ शकतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : निश्चित होतो, आणि वर्षातून चार-सहा वेळा करण्याच्या पदार्थासाठी यंत्र घेऊ नये, असेच आमचे मत आहे. यंत्र दोनच कामे करते : ते मिश्रण वेगाने गार करते आणि गोठत असताना ढवळत राहते, त्यामुळे बर्फाचे स्फटिक वाढण्यापूर्वीच मोडतात. स्फटिक बारीक राहिले तर जिभेला मऊ लागतात, मोठे झाले तर दाताखाली कचकचतात.

घरी करायचा असेल तर मिश्रण आधी फ्रीजमध्ये चांगले गार करून घ्यावे, शक्य असल्यास रात्रभर. कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवले तर ते सावकाश गोठते आणि सावकाश गोठलेल्या बर्फाचे स्फटिक नेहमी मोठे होतात. त्यानंतर ते पसरट स्टीलच्या डब्यात किंवा काठ असलेल्या ताटात दोन बोटांहून जास्त खोल होणार नाही असे ओतावे. खोलगट प्लास्टिकचा डबा या कामाला वाईट, कारण त्यातून थंडी आतपर्यंत लवकर पोहोचत नाही. पाऊण तासाने पाहिले तर कडेने पांढुरकी किनार धरलेली दिसेल आणि मधला भाग अजून पातळ असेल. काट्याने कडेचा बर्फ खरवडून मध्ये आणावा, मधला रस कडेला लोटावा. असे दर अर्ध्या तासाने तीन-चार वेळा केले की ओल्या, चमकत्या कणांचा ढीग तयार होतो. येथेच थांबून वाट्यांत भरला तर तो ग्रानिता झाला. कलिंगड, द्राक्षे, लिंबू अशा पातळ रसांना हाच प्रकार शोभतो. कलिंगडाचा बर्फ गुळगुळीत करण्यासाठी धडपड करणे आम्हाला व्यर्थ वाटते. एक किलो कलिंगडाच्या रसाला दीडशे ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस पुरे होतो.

गुळगुळीत बर्फ हवा असेल तर गार मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून पूर्ण गोठवावे. खडे बाहेर काढून पाच मिनिटे थांबावे, मग थोडे थोडे करून मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवावेत. एकदम सगळे भरले तर पात्याला ताण पडतो आणि मोटारीच्या उष्णतेने बर्फाचे पाणी होते. फिरवलेला बर्फ आधीपासून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या गार डब्यात दाबून भरावा, वरून बटर पेपर अगदी चिकटवून लावावा आणि पुन्हा दोन-तीन तास ठेवावा. कागद आणि बर्फ यांच्यामध्ये हवा राहिली, की वर पांढरे दव धरते आणि चव फ्रीजमधल्या कांद्या-लसणाची होते.

आजकालच्या पुष्कळ फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून ठराविक वेळाने आपोआप थोडी उष्णता दिली जाते. त्या चढउताराने बारीक स्फटिक वितळून मोठ्या स्फटिकांना जाऊन मिळतात आणि आठवड्याभरात मऊ बर्फ दाणेदार होतो. म्हणून डबा दारात किंवा वर न ठेवता फ्रीजरच्या तळाशी, मागच्या बाजूस ठेवावा आणि बर्फ आठ-दहा दिवसांत संपवावा.

प्रश्न : घरच्या आईस्क्रीमसाठी आणलेली जीएमएस आणि सीएमसी पावडर शिल्लक आहे. ती फळांच्या बर्फात वापरली तर चालेल का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : जीएमएसचा येथे काहीही उपयोग नाही. दुधातील स्निग्धांश आणि पाणी यांचा मेळ घालणे हे तिचे काम आहे आणि फळांच्या बर्फात स्निग्ध पदार्थच नसतो. सीएमसी मात्र पाणी धरून ठेवते, त्यामुळे स्फटिक वाढण्यास अडथळा होतो. एक लीटर मिश्रणाला एक ते दोन ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचा पाव ते अर्धा भाग एवढीच ती घ्यावी. जास्त झाली तर बर्फ तोंडात बुळबुळीत लागतो. ही पावडर सरळ रसात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत, म्हणून ती आधी चार चमचे कोरड्या साखरेत नीट मिसळून घ्यावी आणि मग रस ढवळत असताना भुरभुरावी.

आंबा, चिकू, पेरू या फळांच्या गरात मुळातच इतका चोथा आणि पेक्टिन असते की त्यांना सीएमसीची गरज पडू नये. पातळ रसांसाठी शहाळ्याची कोवळी मलई वाटून घातली तर पावडरीपेक्षा चांगला परिणाम मिळतो. विशेषतः लिंबाच्या आणि अननसाच्या बर्फात ती फार छान लागते. केळ्यानेही दाटपणा येतो, पण मग फळ कोणतेही असो, बर्फ केळ्याचाच लागतो.

प्रश्न : मुलांसाठी रसाच्या कांड्या करते. पहिले काही घोट चांगले लागतात, नंतर रंग आणि गोडी निघून जाऊन काडीला नुसता पांढरा बर्फ उरतो. मुले तो टाकून देतात. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : पहिल्या उत्तरात सांगितलेलीच गोष्ट येथे उलट्या बाजूने दिसते. साच्यातील रस सावकाश गोठतो, शुद्ध पाण्याचे लांबट स्फटिक कडेकडून आत वाढत जातात आणि रंग, साखर, आंबटपणा हे सगळे त्यांच्यामधल्या बारीक फटींत आणि कांडीच्या गाभ्यात लोटले जाते. मूल कांडी चोखते तेव्हा फटींतला गोड पाक तेवढा ओढला जातो आणि पाण्याचा सांगाडा मागे राहतो. लहानपणी शाळेबाहेर नळीतला पेप्सीकोला ज्यांनी चोखला आहे, त्यांना हा अनुभव पुरेपूर परिचित असेल.

यावर तीन उपाय आहेत आणि ते एकत्र केले तर उत्तम. नुसत्या गाळलेल्या रसाऐवजी निम्मा तरी गर वापरावा, कारण गरातला चोथा पाकाला धरून ठेवतो. साखर १८ ते २० टक्क्यांपर्यंत न्यावी. कांडीला काडीवर उभे राहायचे असल्याने तिच्यात सॉर्बेइतकी साखर घालून चालत नाही. सर्वांत गुणकारी उपाय तिसरा : मिश्रण थेट साच्यात न ओतता, आधी ताटात अर्धवट गोठवून, काट्याने मोडून, पातळ पिठल्यासारखे झाले की मग साच्यात भरावे. अशा दाट मिश्रणात काडी सरळ उभी राहते, आणि कलिंगडाचे तुकडे किंवा अख्खी द्राक्षे घातली तर ती तळाशी न बसता जागच्या जागी राहतात.

साचा काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे अर्धा बोटभर जागा सोडावी. कांडी काढण्यासाठी साचा साध्या पाण्यात काही क्षण बुडवून हलका फिरवावा. गरम पाण्याखाली धरला तर कांडीचा आकारच जातो. आणि स्टीलच्या साच्याला मुलांनी जीभ लावू नये, ती चिकटते, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : घरच्या कोकम आगळाच्या कांड्या धड गोठत नाहीत. कुल्फीच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या साच्यांत ठेवल्या, तर चवही काहीशी विचित्र लागते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आगळ मिठात मुरवलेले असते आणि कांड्या न धरण्याचे कारण तेच मीठ आहे. वजनाला वजन धरले तर मीठ पाण्याचा गोठणबिंदू साखरेच्या जवळजवळ बारा पट खाली नेते, त्यामुळे आगळ थोडे जास्त पडले आणि वर साखरही घातली की मिश्रण नुसते चिखलासारखे राहते. आगळ सोलकढीसाठी ठेवावे आणि बर्फासाठी अमृत कोकम घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पिकलेले रातांबे फोडून, बिया काढून, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत ठेवल्यावर सुटणारा जो दाट रस, त्यात मीठ नसते किंवा नावापुरते असते. सरबतासाठी त्यात चार-पाच पट पाणी घालतात. बर्फासाठी एक वाटी रसाला दोनच वाट्या पाणी घालावे, म्हणजे साखरेचे प्रमाण आपोआप पंचवीस टक्क्यांच्या आसपास बसते. कांड्यांसाठी अडीच वाट्या पाणी चालेल. भाजलेल्या जिऱ्याची पूड अगदी चिमूटभर आणि मीठ त्याहूनही कमी घालून तो ताटात गोठवावा व काट्याने खरवडावा. रातांब्याचा तो गडद लाल रंग बर्फाच्या कणांत उतरला म्हणजे बाजारातल्या रंगाची बाटली कोणी हातात धरणार नाही.

चव बिघडते ती अॅल्युमिनियममुळे. कोकम, कैरी, चिंच, लिंबू हे आंबट पदार्थ अॅल्युमिनियम आणि कल्हई नसलेल्या पितळेशी क्रिया करतात. दुधाच्या कुल्फीला ते साचे ठीक आहेत. आंबट रसासाठी स्टीलचे पेले, काचेच्या वाट्या किंवा अन्नासाठीचे प्लास्टिक वापरावे. कैरीच्या पन्ह्यालाही हाच नियम लागू आहे. गुळाचे पन्हे मात्र गोठल्यावर साखरेच्या पन्ह्यापेक्षा चवीला खोल लागते, असे आम्हाला वाटते. वेलदोड्याची पूड नेहमीपेक्षा थोडी जास्त घालावी, कारण गारव्याने वासही मंदावतो.

प्रश्न : घरात मधुमेहाचे रुग्ण आहेत. साखरेऐवजी स्टीव्हिया वापरून बर्फ करता येईल का? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : स्टीव्हियाने गोडी येईल, परंतु मऊपणा येणार नाही. ती इतकी तीव्र गोड असते की चिमूटभरच लागते आणि चिमूटभर पदार्थाने गोठणबिंदू जवळपास हलत नाही. म्हणून असा बर्फ डब्यात ठेवून चमच्याने काढण्याचा आग्रह धरू नये. तो ट्रेमध्ये खडे करून गोठवावा आणि आयत्या वेळी मिक्सरमध्ये फिरवून किंवा किसून लगेच खावा. लिंबू-पुदिना, कोकमाच्या सालींचे बिनसाखरेचे पाणी आणि जांभळाचा गर हे यासाठी योग्य. साखर न घातलेल्या आंब्याच्या बर्फातही आंब्याची साखर असतेच, हे विसरू नये. तो किती खावा हे रुग्णाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : मृग बहराच्या संत्र्यांचा रस मिक्सरवर काढून गोठवला. त्याच दिवशी चव चांगली होती, तिसऱ्या दिवशी तो कडू झाला. फ्रीजरमध्ये पदार्थ कडू कसा होतो? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कडवटपणाचे बी आपण मिक्सर फिरवला त्याच वेळी रसात पडले होते. संत्र्याच्या बिया आणि फोडींवरील पांढरे पापुद्रे यांत असा एक पदार्थ असतो की ते दळले गेल्यावर, रसाच्या आंबटपणामुळे त्यापासून हळूहळू लिमोनिन तयार होते. ते चवीला कडू असते. लगेच प्यायलेल्या रसात ते जाणवत नाही, ठेवलेल्या रसात जाणवते. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, गर हाताने मोकळा करावा आणि गाळणीवर चमच्याने हलके दाबून रस काढावा. चोथा पिळून काढण्याचा मोह टाळावा. वासासाठी सालीचा केवळ नारिंगी भाग बारीक किसणीवर किसून गरम पाकात पाच मिनिटे ठेवून गाळावा. खालचा पांढरा थर त्यात येऊ देऊ नये.

प्रश्न : अननसाच्या रसात जिलेटिन घातले होते, ते धरलेच नाही. (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते, ते प्रथिने तोडते आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. रस चांगली उकळी येईपर्यंत तापवून निववला तर विकर निष्क्रिय होते. कच्ची चव राखायची असेल तर जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरावे; ते समुद्री शेवाळापासून मिळते, त्यावर ब्रोमेलेनचा परिणाम होत नाही.

प्रश्न : मुलांना घरीच बर्फाचा गोळा करून द्यावा असे वाटते. बाहेरून बर्फाची लादी आणली तर चालेल का, आणि काला खट्टा घरी कसा करावा? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : लादी आणू नये. मासे आणि इतर माल गार ठेवण्यासाठी जो बर्फ तयार होतो, तो पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही; म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती करण्यात आली. शिवाय गोठवल्याने रोगजंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. बरेचसे जंतू बर्फात नुसते थंड पडून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात. उकळून निववलेल्या पाण्याचे खडे घरीच करावेत. ते मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले तर गोळ्यासाठी ठीक चुरा होतो.

काला खट्ट्यासाठी अर्धा किलो जांभळांचा गर बिया काढून, बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटे शिजवून गाळावा. त्या रसात तेवढ्याच वजनाची साखर विरघळवून, निवल्यावर लिंबाचा रस, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी मिरपूड घालावी. मात्र जांभळे बाजारात येईपर्यंत मे सरत आलेला असतो, तोवर करवंदांवर भागवावे. त्यांचा चीक आधी पाण्यात धुऊन काढावा.

प्रश्न : येथे ताजा हापूस मिळत नाही, डबाबंद रसच वापरावा लागतो. वरील प्रमाण त्याला लागू पडेल का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : डब्यावर साखर घातल्याचा उल्लेख आहे का, ते प्रथम पाहावे. अशा रसात १०० ग्रॅममागे किती साखर आहे हे डब्यावर छापलेले असते, त्यामुळे खरे तर आपला हिशेब इतरांपेक्षा सोपा आहे. आकडा २० च्या वर असेल तर अर्धा किलो रसाला ६० ते ७० ग्रॅम साखर आणि ७५ मिलीलीटर पाणी पुरेल. डब्यातला रस टिकवण्यासाठी तापवलेला असल्याने त्याची चव थोडी बसकी असते, म्हणून लिंबाचा रस सढळ हाताने घालावा.

प्रश्न : आमच्या गावी उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसतो. पूर्वी घरी आईस्क्रीमचा लाकडी पॉट होता, त्यात बर्फ आणि खडे मीठ घालून दांडा फिरवत असू. फळांचा बर्फ त्यात होईल का? मीठ नेमके काय करते? (एक वाचक, बीड)

उत्तर : उत्तम होतो, आणि फ्रीजरपेक्षा लवकर होतो. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता, म्हणजे दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी, तो आतल्या डब्यातून ओढून घेतो. बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाचे तापमान फार तर उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकते. घरी उणे १० ते १५ पर्यंत सहज उतरते. तीन ते चार किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ, हे प्रमाण धरावे. बारीक मीठ वापरले तर ते लगेच विरघळून तळाशी जाते आणि गारवा सगळीकडे सारखा राहत नाही.

मधला डबा तीन चतुर्थांशच भरावा. बाहेर बर्फाचा चार बोटे थर, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे रचत डब्याच्या झाकणाच्या खाली दोन बोटांपर्यंत यावे. त्याच्या वर आले तर खारे पाणी आत शिरण्याचा धोका असतो. सुरुवातीला दांडा सावकाश फिरवावा आणि मिश्रण जड लागू लागले की वेग वाढवावा. दांडा हाताला हट्टाने अडू लागला म्हणजे पाते काढून घ्यावे, झाकण लावून, वरून पोते टाकून अर्धा तास ठेवावे. लाकडी पॉट बरीच वर्षे कोरडा पडला असेल तर आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावा, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटतात. बर्फाची लादी येथे बाहेरून आणलेली चालते, कारण ती खाण्यात येत नाही. डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी मात्र त्यावरचे खारट पाणी स्वच्छ कापडाने पुसून काढावे. उरलेले खारे पाणी अंगणातील झाडांना घालू नये, मोरीत ओतावे.